कापण्याआधी थोडे गवत

शालेय बागकामाच्या पुस्तिका वाचताना आम्हांला एक गोष्ट नेहमी खटकते. त्यांत गवत येते ते दोनच रूपांत: हिरवळ म्हणून, नाहीतर उपटायचे तण म्हणून. मुलचेऱ्यासारख्या जंगलाच्या तालुक्यातही आवार ‘स्वच्छ’ करायचे, म्हणजे कुसळी, मारवेल ही गवते दाणे धरण्याआधीच छाटायची. आणि पुढच्याच पानावर पक्षिनिरीक्षणाचा उपक्रम सुचवायचा! सुगरण पक्ष्याचा नर घरट्यासाठी उंच गवताच्या पात्यांच्या लांब पट्ट्या फाडून नेतो, मुनियांना गवताचे दाणे लागतात, वटवट्या उंच गवतात घरटे करतो. चार बोटे उंचीच्या हिरवळीत त्यांना काय मिळणार?

कुसळीचे कुसळ तर फुकटचे उपकरण आहे. ओले झाले की त्याचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो; या फिरण्यानेच बी मातीत शिरते. अशा बियांची ही युक्ती फ्रान्सिस डार्विन (चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव) यांनी १८७६ साली उलगडून दाखवली. बी ओल्या मातीच्या गोळीत खोचून कुसळावर पाण्याचा थेंब सोडा. टोक फिरताना आठवीच्या मुलांना स्पष्ट दिसते.

सापांची भीती मात्र खोटी नाही. पुस्तिकांनी खरे तर तिच्याविषयीच लिहायला हवे होते. गवताचा पट्टा वर्ग, पाऊलवाट आणि मैदान यांपासून दूर राखावा. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात, ती आग पसरते. म्हणून पट्ट्याभोवती जमीन साफ ठेवावी. दाणे गळल्यावर निम्मेच गवत कापावे, उरलेले पुढच्या वर्षी. त्यात किड्यांची अंडी आणि कोष तग धरतात.