वणवा, घनता आणि वर्गहित : माईक डेव्हिस यांच्या विवेचनाचा पुनर्विचार

माईक डेव्हिस यांनी ‘इकॉलॉजी ऑफ फिअर’ (१९९८) या ग्रंथात मालिबूतील धनिक वस्तीचे वणवे आणि लॉस एंजेलिसमधील गरिबांच्या दाट इमारतींतील आगी यांची तुलना करून शासनाचा पक्षपात दाखविला. जानेवारी २०२५ मधील पॅलिसेड्स वणव्यानंतर मात्र हे विवेचन तपासून पाहावे लागते. एका भूखंडावर चार घरांपर्यंत मुभा देणाऱ्या २०२१ च्या कायद्याला तेथील अनेक रहिवाशांनी विरोध केला. जुलैमध्ये राज्यपालांनी जळीत क्षेत्रात तो मर्यादित करण्याचा अधिकार स्थानिक शासनांना दिला. वणव्यात मोटारी रस्त्यातच सोडून लोकांना पळावे लागले होते. म्हणून हा विरोध निव्वळ वर्गहित ठरत नाही. परंतु नाकारलेली घरे कोठे उभारावीत, याचे उत्तर त्यात नाही. तोवर डेव्हिस यांचा आक्षेप कायम राहतो.