‘संजू’ : प्रश्नचिन्ह चुकीच्या जागी

राजकुमार हिरानींच्या ‘संजू’ (२०१८) या सिनेमातला खलनायक म्हणजे एक प्रश्नचिन्ह. दत्तांच्या घरी उभ्या असलेल्या ट्रकमध्ये आरडीएक्स होतं का, असं विचारणाऱ्या बातमीच्या मथळ्यातलं. रणबीर कपूरने संजय दत्तची चाल आणि नजर अशी काही पकडली आहे की आपण त्याच्या बाजूने कधी झालो हे कळतच नाही. परेश रावल बाप म्हणून समोर आले की उरलासुरला प्रतिकारही संपतो. गडबड इथेच आहे. सिनेमाने माध्यमांना आरोपी केलं आणि कायद्याला पडद्यामागे ढकललं.

कायद्यातला प्रश्न तर जास्त नाट्यमय होता. १९ एप्रिल १९९३ ला अटक झाली, प्रकरण एके-५६ चं. ‘टाडा’च्या कलम ५ नुसार अधिसूचित भागात असं शस्त्र विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा होता. शिक्षा किमान पाच वर्षं, कमाल जन्मठेप. बंदूक कशासाठी ठेवली, हे सरकारने सिद्ध करायची गरज नव्हती. मग भीतीपोटी बंदूक ठेवणारा आणि बॉम्बस्फोटाच्या कटातला माणूस, दोघे एकाच तागडीत?

हा प्रश्न दत्तच्याच अपिलातून सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. टाडा घटनाबाह्य नाही, हे त्याच वर्षी कर्तारसिंग खटल्यात ठरलं होतं. ९ सप्टेंबर १९९४ ला घटनापीठाने कलम रद्द केलं नाही, पण त्यात एक खिडकी उघडली. शस्त्र जाणीवपूर्वक बाळगलेलं असलं पाहिजे. ते सापडलं की कायदा दहशतवादाशी संबंध गृहीत धरणार, पण हे गृहीतक खोडून काढायची संधी आरोपीला मिळणार. खोडून काढलं, तर शिक्षा साध्या शस्त्र कायद्याखाली.

पुढे निकाल याच वाटेने गेला. २००६ मध्ये टाडातून सुटका, शस्त्र कायद्याखाली दोषी. २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली. ‘दहशतवादी नाही’ हे सिनेमात भावनिक बक्षीस म्हणून येतं. तिथवर नेणारा युक्तिवाद मात्र गायब.

त्याच खटल्यात दत्तच्या घरून हललेली काही शस्त्रं ठेवून घेतल्याबद्दल सत्तरीतल्या एका बाईंनाही पाचच वर्षं झाली, पण टाडाखाली. पुराव्यात फरक असेलही. तरी ही तुलना कॅमेऱ्यासमोर यायला हवी होती. त्या बाईंवर बायोपिक कोण काढणार?

अमेरिकेत असे खटले वेगळ्या टोकाने सुरू होतात. बंदूक बाळगणं तिथे घटनात्मक हक्क आहे, म्हणून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कची परवान्याची जाचक अट रद्द केली. आपली घटना एकत्र जमायचा हक्क देतानाच ‘शांततेने व शस्त्रांविना’ अशी अट घालते. म्हणून आपल्याकडे भांडण हक्काचं नसतं. घरात सापडलेल्या बंदुकीचा अर्थ काय लावायचा, आणि तो कोणी सिद्ध करायचा, याचं असतं.

आपल्या शहराचं नाव चिकटलेल्या औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणातही तेच. मे २००६ मध्ये एके-४७ रायफली आणि आरडीएक्स पकडलं. दहा वर्षांनी विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, आठ जणांना सोडलं, आणि मोक्का लागू होत नाही असं म्हटलं. सापडलेला साठा खरा होता, तरी त्यावर कोणता कायदा बसतो हे वेगळं सिद्ध करावंच लागलं. सुटलेल्या आठ जणांची दहा वर्षं कुठल्याच पडद्यावर दिसणार नाहीत.

‘संजू’ बघून थिएटरबाहेर पडताना आपण नटाला माफ करून मोकळे होतो. कायद्याबद्दल एकही प्रश्न पडत नाही. प्रश्नचिन्ह मथळ्यात होतं हे खरं, पण त्याहून मोठं कलम ५ मध्ये होतं. हिरानींना ते दिसलं नाही, की दाखवायचं नव्हतं?