पायाशी आलेला पाहुणा

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे वाचकांना ते शोधून काढण्याचे कष्ट नकोत. माझ्या पायाचा आणि फुटबॉलचा प्रत्यक्ष संबंध शाळेत असताना एकदाच आला. मी सर्व शक्तीनिशी लाथ मारली. चेंडू जागेवरच राहिला आणि बूट मात्र गोलात गेला. सरांनी गोल दिला नाही. तेव्हापासून मी प्रेक्षक आहे. प्रेक्षकाला खेळ कळलाच पाहिजे असा नियम अजून कुठल्या मैदानावर झालेला नाही, म्हणून माझं बरं चाललं होतं.

त्यात बिब्बा घातला माझ्या भाच्याने. वय वर्षं चौदा. रोज संध्याकाळी तो मोबाईल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायचा. "मामा, हे बघ! आता हे बघ!" त्या इवल्याशा पडद्यावर जगातले नामवंत खेळाडू चेंडूच्या नाना करामती करून दाखवत असायचे. कुणी चेंडूभोवती पाय असे फिरवतोय, की जणू भोवऱ्याला जाळी गुंडाळतोय. कुणी समोरच्याच्या दोन पायांमधून चेंडू काढतोय. मी प्रत्येक वेळी "वा!" म्हणायचो. गाण्याच्या बैठकीत तबलजीने तिहाई घेतली की मी असाच "वा!" म्हणतो. समेवर आला की नाही हे शेजाऱ्याची मान बघून ठरवतो.

माझ्या या 'वा'ने पोराला चेव आला. आमच्या दिवाणखान्यात सराव सुरू झाला. पहिल्या आठवड्यात दिव्याची काच गेली. दुसऱ्या आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरचा तांब्या पोचला. पण तिसऱ्या आठवड्यात चेंडू मानेवर ठेवून तो पाचपर्यंत आकडे मोजू लागला, आणि माझा ऊर भरून आला. पूर्वी आमच्याकडे पाहुणे आले की "बाळ, त्या काकांना कविता म्हणून दाखव" अशी पद्धत होती. मी "बाळ, काकांना मानेवरचा चेंडू दाखव" म्हणू लागलो. पाहुण्यांचं येणं जरा कमी झालं.

आणि शाळेच्या संघाची यादी लागली. तीत आमचं बाळ नव्हतं.

पोरगं दोन दिवस जेवलं नाही. मी बाह्या सरसावल्या. आमच्या वरच्या मजल्यावर गोव्याचे एक गृहस्थ राहतात. ऐन उमेदीत ते कंपनीच्या संघातून कूपरेजवर खेळलेले. साक्षीदार म्हणून मी त्यांना मैदानावर घेऊन गेलो. त्यांनी पाच मिनिटं भाच्याचा खेळ पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पात्रांव, पोरगा बॉल मस्त उडवतो. पण बॉल त्याच्याकडे येतो तेव्हा काय होतं ते बघितलंत? चार फूट लांब उडतो. घरी आलेल्या पाहुण्याला आपण दारातूनच ढकलतो काय?"

मी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर आजवर कधीच बघितलं नव्हतं. चेंडू खेळाडूच्या पायाशी आल्यावरच माझं बघणं सुरू व्हायचं. आणि यात सगळा दोष माझा नाही. मोबाईलवरच्या त्या तुकड्यांची कात्रीही नेमकी तिथेच चालते. चेंडू आला कसा, कुणी घेतला कसा, हे कापलेलं असतं, करामत तेवढी उरते. जेवणाच्या पंगतीतून फक्त जिलब्या उचलून दाखवाव्यात तसं.

मग पंधरा दिवस रोज रात्री आम्ही तिघं जुने सामने बघत बसलो. मला फुटबॉलची नव्याने मुळाक्षरं गिरवावी लागली.

पहिला धडा होता ४ जुलै १९९८चा. मार्सेय शहर, विश्वचषकाची उपउपान्त्य फेरी, नेदरलँड्स विरुद्ध अर्जेंटिना. बरोबरी, एक-एक. सामना संपत आलेला. फ्रँक द बूरने आपल्या अर्ध्यातून लांबलचक चेंडू मारला. तिकडे बर्गकँप धावत होता. इतक्या लांबून आभाळातून आलेला चेंडू त्याने उडी घेऊन उजव्या पायाच्या पुढच्या भागावर असा अलगद झेलला, की झोपलेलं मूल खांद्यावरून गादीवर ठेवावं. दुसऱ्या स्पर्शात तो आयालाच्या पायांमधून आत आला. तिसऱ्या स्पर्शात गोल. तीन स्पर्श, तिन्ही उजव्या पायाचे. भाचा दुसऱ्या स्पर्शाला ओरडला, मी तिसऱ्याला. काका पहिल्यालाच डोळे मिटून बसले होते. "पुढचे दोन त्या पहिल्याच्या पोटातून आले," ते म्हणाले.

त्याचं तंत्र त्यांनी मला क्रिकेटच्या भाषेत समजावलं, कारण दुसरी भाषा मला येत नाही. झेल घेताना आपण हात मागे नेतो, नाहीतर चेंडू तळव्यावरून उडतो. इथेही तेच. चेंडू येऊन टेकतो त्याच क्षणी घोटा सैल सोडून पाय किंचित मागे घ्यायचा, म्हणजे चेंडूचा वेग तिथेच मरतो. शिवाय चेंडू यायच्या आधीच मागे वळून पाहायचं, आपल्या अंगावर कोण येतंय ते. आणि चेंडू नुसता थांबवायचाही नाही, पुढे जिथे जायचं तिकडच्या बाजूलाच ठेवायचा. स्पेनचा झावी चेंडू नसताना सारखा मान वळवत असायचा. मला वाटायचं, त्याची मान अवघडली असेल.

मग मी शंका काढली, "म्हणजे करामती सगळ्या खोट्या?" काकांनी मान हलवली. १९७४ साली डॉर्टमुंडला क्रायफने पाठमोऱ्या स्थितीत चेंडू आपल्याच पायामागून ओढून स्वीडनच्या बचावपटूला उलट्या दिशेला धाडलं. ती गिरकी आज जगभरची पोरं शिकतात. सामना शून्य-शून्य सुटला होता, हे त्यांना कुणी सांगत नाही. पण क्रायफला तिथे दुसरी वाट नव्हती. अडलेला माणूस वाट काढतो ती कला. मोकळ्या रस्त्यावर कोलांटी मारतो ती सर्कस.

ब्राझीलच्या डेनिल्सनला १९९८ साली स्पेनच्या रेआल बेतीसने जगातली सर्वांत मोठी किंमत मोजून घेतलं. चेंडूवरून पाय फिरवण्यात त्याचा हात, म्हणजे पाय, धरणारा विरळा. पण २००० साली बेतीस खालच्या श्रेणीत घसरलं. अर्थात एका माणसावर सगळं खापर फोडू नये. २००२च्या विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात हाच डेनिल्सन शेवटी शेवटी चेंडू घेऊन कोपऱ्याकडे निघाला आणि चार तुर्की खेळाडू त्याच्यामागे वरातीसारखे धावले. तेव्हा वेळ काढणं ही संघाची गरज होती. तेच पाय, तीच फिरवाफिरवी, पण त्या दिवशी ती कामाची होती.

दुसऱ्या टोकाला त्याचाच देशबंधू केरलॉन. हा चेंडू कपाळावर नाचवत सर्कशीतल्या सीलसारखा पळायचा. २००७ साली प्रतिस्पर्ध्याने त्याला धडक देऊन पाडलं. धडक वाईटच, तिचं समर्थन नको. पण पुढे जायबंदी गुडघ्यांनी त्याची कारकीर्द खाल्ली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त सील.

मारादोनाचं उदाहरण मात्र मीच काढलं. १९८९ साली म्युनिकला सामन्याआधी बुटांच्या नाड्या सोडून, गाण्याच्या तालावर चेंडू नाचवणारा मारादोना भाच्याने मला शंभरदा दाखवला होता. "तेव्हा त्याच्या अंगावर कोण येत होतं?" काकांनी विचारलं. कुणीच नाही. मग त्यांनी १९८६चा, मेक्सिकोतला, इंग्लंडविरुद्धचा दुसरा गोल लावला. मी तो अनेकदा पाहिलेला, पण पळापळीपासून. या वेळी सुरुवात पाहिली. आपल्याच अर्ध्यात, दोन इंग्रजांच्या मध्ये चेंडू आला, आणि तो घेता घेताच हा पठ्ठ्या वळला. दोघे जागच्या जागी परके झाले. पुढची दहा सेकंदं जगाने पाहिली. ती विकत घेतली त्या पहिल्या वळणाने.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराला संघातून कुणी काढलं असेल, तर ते शाळेतल्या सरांनी नव्हे. माझ्या 'वा'ने. न कळता दिलेली दाद न कळता दिलेल्या औषधासारखीच असते. गोड लागते म्हणून पोरगं घेत राहतं.

सकाळी मी त्याला तसं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, मग तू मला भिंतीवरून बॉल मारून देशील?" दोन महिने मी गच्चीत भिंतीवर चेंडू मारतोय आणि तो परत आलेला थांबवतोय. बघणाऱ्याला याहून कंटाळवाणं दृश्य नाही. सौभाग्यवती म्हणतात, पूर्वी निदान काहीतरी फुटायचं.

परवाच्या रविवारी त्याला राखीव म्हणून दहा मिनिटं मैदानात उतरवलं. एक उंच चेंडू आला. पोराने मागे वळून पाहिलं, घोटा सैल सोडला, आणि चेंडू त्याच्या पायाशी येऊन नुसता बसला. लगेच त्याने तो पुढच्या मुलाला दिला. त्या मुलाने तो थेट रस्त्यावर, भेळवाल्याच्या गाडीखाली मारला.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. शेजारचे गृहस्थ भेळवाल्याकडे बघत म्हणाले, "अहो, वाजवताय कशाला? गोल कुठे झालाय?"

"वा!" मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा, कुणाचीही मान न बघता.