तंबाखू-नियंत्रणाच्या अहवालांची भाषा

सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या कार्याचा हिशेब दिला गेला पाहिजे, याविषयी दुमत संभवत नाही. प्रश्न असा की, अहवालाच्या रूढ भाषेतून नेमका कशाचा हिशेब मिळतो? राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ मध्ये सुरू झाला. त्याखालील अहवालांत प्रशिक्षणे, शालेय कार्यक्रम, दंडाची प्रकरणे आणि समुपदेशन घेतलेल्यांची संख्या नोंदली जाते.

या अहवालांच्या मराठीत ‘-ण्यात आले’ या प्रयोगाचे साम्राज्य आहे. ‘व्याख्यान घेण्यात आले’ ही घडलेली घटना होय. तिला साक्षी मिळू शकतो. ‘जनजागृती करण्यात आली’ हे वाक्य त्याच साच्यातले. परंतु जागृती ही ऐकणाऱ्याच्या ठिकाणी घडावयाची गोष्ट आहे, व्याख्यात्याने उरकावयाची नव्हे. व्याकरणाने दोन्ही वाक्ये एका पंक्तीस बसविली, आणि परिणामाचा प्रश्न विचारण्यापूर्वीच मिटला.

‘तंबाखूमुक्त शाळा’ या समासाचेही तसेच आहे. ‘कर्जमुक्त’ म्हणताना कर्ज होते आणि ते फिटले, असा अर्थ निघतो. शैक्षणिक संस्थांसाठीच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत फलक, तंबाखू-निरीक्षकाची नेमणूक, शंभर यार्डांवरील पिवळी रेषा, ठरावीक काळात उपक्रम अशा कसोट्या आहेत. आवारात तंबाखूसेवनाच्या खुणा नसाव्यात, ही अटही त्यांत आहे. तथापि ती आवाराविषयी बोलते. आवाराबाहेर पुडी उघडणाऱ्या विद्यार्थ्याविषयी नव्हे.

दुसरा दोष नामकरणाचा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचा वापर करीत होते. धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, तर धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः धुराचा नाही. आता बोलीकडे पाहावे. विडी ओढतात, तंबाखू मळून खातात, मशेरी मात्र दातांना लावतात. मशेरी लावणारी स्त्री ‘तंबाखू खाता काय?’ या प्रश्नास ‘नाही’ म्हणेल, आणि तिच्या भाषेपुरते ते खोटे ठरणार नाही. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावी कोणी ‘सेवन करणाऱ्यांची संख्या’ एवढ्याच शब्दांवर माहिती गोळा करू लागला, तर अशा स्त्रिया गणनेतून सुटतील; आणि ज्या मोजल्या गेल्या नाहीत, त्यांच्यापर्यंत समुपदेशनही पोहोचणार नाही.

संख्या नकोत, असा येथे आग्रह नाही. शिक्षक व आरोग्यसेवक यांच्यावर नोंदींचा भार आधीच पुष्कळ आहे. त्यामुळे रकाने वाढविण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर. प्रत्येक पदार्थ त्याच्या गावातील नावाने आणि त्याच्या स्वतःच्या क्रियापदाने विचारावा. सहा महिन्यांनी त्याच माणसांना तोच प्रश्न पुन्हा करावा. आणि ‘जनजागृती करण्यात आली’ या वाक्याच्या जागी ‘इतक्यांनी सोडली, इतक्यांनी सोडली नाही’ असे लिहावे. दुसरा आकडा लिहिण्याची मुभा ज्या अहवालात नाही, त्यातील पहिल्या आकड्यावर विश्वास कसा ठेवावा?