भक्षकपेशी : निव्वळ शिपाई?

पॉल द क्रुइफ या अमेरिकन जंतुशास्त्रज्ञाचे ‘मायक्रोब हंटर्स’ हे पुस्तक १९२६ साली प्रसिद्ध झाले. विज्ञानाची गोडी लावणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते, ती योग्यच आहे. त्यातील मेचनिकॉफवरचे प्रकरण वर्गात वाचून दाखवताना मात्र थोडे सावध राहावे, असे आम्हाला वाटते.

प्रकरणातील प्रयोगाचा भाग उत्तम आहे. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. साधा प्रश्न, साधा प्रयोग आणि त्यातून भक्षकपेशींचा सिद्धांत! संशोधन म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पुढे मात्र लेखकाला युद्धकथेचा मोह आवरत नाही. जंतू म्हणजे शत्रू आणि पेशी म्हणजे त्याला गिळणारा शिपाई. आपण फळ्यावर काढतो तेही हेच चित्र. ते खोटे नाही, पण फार अपुरे आहे.

मॅक्रोफेज या मोठ्या भक्षकपेशींचे काम जंतू नसतानाही चालूच असते. सुमारे १२० दिवस जगलेल्या तांबड्या रक्तपेशी प्लीहेतील व यकृतातील मॅक्रोफेज गिळतात आणि त्यांतील लोह नव्या पेशींसाठी परत देतात. गिळलेल्या जंतूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून त्या टी-लसिकापेशींना त्याची ओळखही पटवतात. हे १९२६ साली ठाऊक नव्हते, म्हणून लेखकाला दोष देता येणार नाही. आज शिकवणाऱ्या आपल्याला मात्र ही सबब नाही.

खरी अडचण क्षयरोगाची आहे. क्षयाचा जंतू फुप्फुसातील मॅक्रोफेजच्या पोटात जातो. पण ज्या पिशवीत तो असतो, तिच्यात पाचक रस ओतले जाण्याची क्रियाच तो रोखतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. शिपायाचे पोट हेच शत्रूचे घर! जगात सर्वाधिक क्षयरुग्ण असलेल्या आपल्या देशात ही गोष्ट वगळून प्रतिकारशक्ती शिकवणे बरे नव्हे.

म्हणून काट्याची गोष्ट जरूर वाचून दाखवावी आणि मग विचारावे : ‘गिळलेला प्रत्येक जंतू मरतोच का?’ या प्रश्नाशी युद्धकथा थांबते आणि जीवशास्त्र सुरू होते.