पन्हाळ्याची रेखाटने

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी केलेली पन्हाळ्याची रेखाटने मध्यंतरी पाहण्यात आली. अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्या, तीन दरवाजा, अंधारबाव. मापात सुताचीही चूक दिसेना. मी पडलो शाळामास्तर, अशा स्वच्छ कामाला भरघोस गुण द्यायची हाताला सवय. या वेळी मात्र हात अडला. कोठीची कमान हुबेहूब उतरली आहे, पण तीत साठणारे धान्य कुठल्या शिवारातून, कोणाच्या पाठीवरून गड चढले, याचा एकाही कागदावर मागमूस नाही. पन्हाळा तर नांदता गड. तिथे आजही नगरपरिषद आहे, चुली पेटतात. चित्रांत ती घरे म्हणजे नुसते कोरे चौकोन!

माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेल्या भूमीसाठी युनेस्कोने १९९२ साली ‘सांस्कृतिक भूदृश्य’ हा वारशाचा प्रकार मान्य केला. २०२५ मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारशात गेले, तेही मराठ्यांची लष्करी भूदृश्ये म्हणूनच. शिकवणे अजून तटाशीच थांबले आहे. मुलांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाती टेप दिली. गडावरच्या एखाद्या आजीच्या ओसरीवर तासभर बसा, असे कोणी सांगितलेच नाही. कुठले पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे तिला विचारायचे होते.