आळस : येणारा आणि असणारा

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं, "सर, आळस हा दुर्गुण की आजार?" आज त्या शब्दाकडेच जरा नीट बघू.

'आळस' हा 'आलस्य'चा मराठी अवतार. फल-फळ, कमल-कमळ, तसाच इथे 'ल'चा 'ळ' झाला. आलस्य म्हणजे 'अलस' असण्याचा भाव, आणि 'अलस'ची परंपरागत फोड अ + लस अशी. 'लस्' म्हणजे चमकणं, खेळणं. उल्लास, विलास, लास्य ही याच धातूची लेकरं. शाळेत आपण 'आळशी'च्या विरुद्ध 'उद्योगी' लिहिलं. पण घराणं पाहिलं तर आळसाच्या समोर उभा आहे तो उल्लास. काम थांबतं ते नंतर. आधी आतलं काहीतरी मावळलेलं असतं.

पण व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे, हेही सांगायला हवं. 'कुशल' शब्दात कुश नावाचं गवत आहे, म्हणून कुशल सर्जन काही गवत कापत बसत नाही! अर्थ शेवटी वापरात ठरतो. तर वापर बघा. "मला आज आळस आलाय," असं आपण म्हणतो. ताप येतो, झोप येते, तसा आळस येतो. इथे 'मला' म्हणजे भोगणारा. आणि शेजाऱ्याबद्दल काय म्हणतो? "तो आळशी आहे." एकदम स्वभावच! आपल्याला येतो तो, दुसऱ्यात असतो. माझा आक्षेप या उडीवर आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्ताचे नऊ अंतराय सांगितले. पहिला व्याधी, पाचवा आलस्य. व्यासभाष्यात आलस्याचा अर्थ असा, की शरीर आणि चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्तीच होत नाही. शरीरही आणि चित्तही, हे लक्षात घ्या. आणि ही यादी अडथळ्यांची आहे, अपराधांची नाही. मग जबाबदारी संपली का? मुळीच नाही. अडथळा दूर करायचाच असतो, म्हणून तर पतंजली लगेच अभ्यास सांगतात. पण तो दूर करायचा तर आधी कशाचा आहे ते बघावं लागतं.

मी ते एकदा बघितलं नाही. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी तासाला कायम पेंगायची. भर वर्गात मी तिला 'आळशी' म्हणालो. महिन्याभरानं तिचे वडील भेटायला आले. रक्त तपासलं होतं, हिमोग्लोबिन सात निघालं होतं. तत्त्वज्ञान शिकवणारा मी, आणि 'तुला काय होतंय गं?' एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता.

ज्यांनी विचारलं त्यांना माझं उत्तर एवढंच : दुर्गुण की आजार हे ठरवायच्या आधी हा प्रश्न विचारा. स्वतःलाही विचारा. थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.